गाडीचे ॲव्हरेज : पडद्यावरचे आणि हिशेबातले

सांगोला हा सोलापूर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका. गावे व वाड्यावस्त्या विखुरलेल्या असल्याने शासकीय गाडी असो वा डाळिंब उत्पादकाची मोटार, इंधनाचा खर्च टळत नाही. अलीकडच्या मोटारींत एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, हे चालकासमोरील पडद्यावर सतत दिसते. हा आकडा लॉगबुकातील आकड्याशी जुळला नाही, की चालकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली जाते. तेव्हा या आकड्यावर किती विसंबावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आकडा कसा निघतो?

गाडीतील संगणक टाकीतील इंधन मापाने मोजत नाही. इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारे ‘इंजेक्टर’ किती वेळ उघडे राहिले, यावरून तो खर्चाचा अंदाज बांधतो. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढतो आणि त्यांचा भागाकार दाखवितो. इंजेक्टरमध्ये कचरा साठला किंवा ते झिजले, की अंदाज चुकतो. टायरची झीजही परिणाम करते. 60 सेंटिमीटर व्यासाच्या चाकावरील टायर 6 मिलिमीटर झिजला, तर अंतर सुमारे 2 टक्के अधिक नोंदले जाते. सांगोला-मंगळवेढा रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिल्यास ही चूक सहज ध्यानी येते.

पेट्रोलपंपाची गोष्ट निराळी आहे. वैध मापन यंत्रणा त्याची पडताळणी करून मोहोर लावते. 5 लिटरमागे 25 मिलिलिटरपेक्षा अधिक तूट चालत नाही आणि पंपावरील 5 लिटरच्या मापाने ग्राहकालाही खात्री करून घेता येते. गाडीतील पडद्याला अशी मोहोर नसते.

हिशेबाची खात्रीची रीत

पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी व किलोमीटरची नोंद करावी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. समजा, मधल्या काळात गाडी 480 किलोमीटर धावली आणि टाकीत 32 लिटर इंधन मावले, तर खरे ॲव्हरेज 15 झाले. त्या वेळी पडदा 16.2 दाखवीत असेल, तर तो 8 टक्के वाढवून सांगतो, असे समजावे. एकाच भरणीवरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच भरण्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हाच हिशेब धरावा.

पडदा निरुपयोगी नव्हे

आकडा अचूक नसला, तरी तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. अकारण वेग वाढविला, वारंवार ब्रेक मारले किंवा उभ्या गाडीत इंजिन व वातानुकूलन चालू ठेवले, की त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. मात्र ॲव्हरेज घटले म्हणजे दोष चालकाचाच, असे नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ॲव्हरेज काहीसे उतरणे स्वाभाविक आहे.

सारांश, पडदा हा सल्लागार मानावा, साक्षीदार नव्हे. लॉगबुकात भरलेल्या टाकीचाच हिशेब नोंदवावा आणि कोणाकडूनही वसुली करण्यापूर्वी तो पुन्हा पडताळून पाहावा. त्यामुळे सार्वजनिक पैशाची राखण होईल आणि प्रामाणिक चालकावर अन्यायही होणार नाही.