पाव नको, मासे बघू

जानेवारीतली सकाळ. मालवणच्या धक्क्यावरून सुटलेली होडी सिंधुदुर्गच्या तटाला वळसा घालून खडकांपाशी थांबते. वारा बोचरा आहे. होडीत आम्ही सगळे मिरा-भाईंदरकर, रात्रभर बसमध्ये डुलक्या काढत आलेले. समुद्र आम्हाला नवा नाही. पण आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत. वसईच्या खाडीतून गाळ येत राहतो आणि भरती-ओहोटी त्याला बसू देत नाही. इथे मात्र नांगराचा दोर थेट तळापर्यंत दिसतोय.

"काचेत थुका, चोळा, खळबळून घ्या. मगे धुरकट होवचा नाय," होडीवरचा गाइड सांगतो. भाची नाक मुरडते, पण मास्कमध्ये थुंकते. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले जातात आणि एकेक जण शिडीवरून उतरतो. पाणी पोटाला लागताच अंगावर काटा येतो. नळी दातांत धरून मी ट्यूबवर पालथा होतो. पहिले काही श्वास नुसते धापा टाकण्यात जातात.

मग तळ दिसतो. पुरुषभर खोलीवर तपकिरी, हिरवट पोवळी, त्यांच्या कपारींत काळे काटेरी समुद्री साळू. कानात एकसारखा आवाज येतोय, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. हा आवाज बोटाएवढ्या कोळंब्यांचा. त्या नांगी इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. समोरून पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे मासे संथ जातायत. मी पट्टे मोजतो, पाच भरतात.

भाचीचा पाय खाली जातो. गाइड तिला वर ओढतो. "पाय टेकू नको गो. तो दगड नाय, जितो जीव आसा!" पोवळं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, टाचेखाली क्षणात मोडतं. म्हणून तर 1987 साली या किल्ल्याभोवतीचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

तेवढ्यात शेजारच्या होडीतून पावाचे तुकडे पडतात. सगळे मासे तिकडे धावतात. पाणी पांढुरकं होतं, शेपट्यांची नुसती झुंबड. मोबाइल पाण्यात बुडवून चित्रीकरण सुरू आहे. इकडे आमच्या खालची पोवळी ओकीबोकी. पोवळ्यांवरचं शेवाळ खरडणारे मासेच पावाला सोकावले, तर शेवाळाला रान मोकळं.

मालवणला जरूर जा. पावसाचा गढूळपणा निवळल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. फक्त होडीत चढण्यापूर्वी बजावून सांगा: दादा, पाव नको. मासे थोडे कमी दिसतील, पण जे दिसतील ते आपल्या उद्योगात गुंतलेले दिसतील. पैसे त्यासाठी मोजायचे.