शुभवर्तमाने कशी लिहिली गेली?

प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. येथे नाझरीन मिशनने गेल्या शतकात रुग्णालय चालविले; त्यामुळे ख्रिस्ती बांधवांचा ‘नवा करार’ हा ग्रंथ या भागात अपरिचित नाही. विल्यम कॅरी यांनी १८११ साली सेरामपूर येथून त्याचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. मत्तय, मार्क, लूक व योहान ही त्यातील चार शुभवर्तमाने म्हणजे येशू ख्रिस्ताच्या चरित्राची प्रमुख साधने होत. ती कशी सिद्ध झाली, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

येशूंना इ. स. ३० च्या सुमारास क्रुसावर चढविण्यात आले. त्यांची बोली अरामी होती. त्यांनी स्वतः लिहिलेला एकही ग्रंथ नाही. त्यांची वचने, दृष्टांत व मृत्यूची कथा शिष्यांच्या मुखी राहिली. पौलाची पत्रे इ. स. ५० नंतरची, उपलब्ध ख्रिस्ती लेखनात तीच सर्वांत जुनी होत. प्रत्यक्ष पाहणारी पिढी मावळू लागली. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याच सुमारास मार्काचे शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढील दहा-वीस वर्षांत मत्तय व लूक यांची शुभवर्तमाने झाली. दोहोंनी मार्काचा आधार घेतला. योहानाचे शुभवर्तमान शतकाच्या अखेरचे आहे. मूळ मजकुरात लेखक स्वतःचे नाव सांगत नाहीत. ही नावे दुसऱ्या शतकात रूढ झाली.

ऐकणारा समाज बदलला की वचनाचा रोख बदलतो. येशूंनी ज्यांना धन्य म्हटले ते लूकच्या मते दरिद्री लोक. मत्तयाच्या मते आत्म्याने दीन असलेले. एका शब्दाच्या भेदाने भुकेल्यांचा प्रश्न अंतःकरणाचा प्रश्न होऊन बसतो!

असेच उदाहरण आपल्या विदर्भातही आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. तरीही पुढे त्याचे अनेक पाठ निर्माण झालेच.

मग आपले काय? तिपिटक शेकडो वर्षे भाणकांच्या स्मरणात राहिले आणि इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी लिपिबद्ध झाले. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचनाचा विपर्यास कसा झाला हे दाखविले आणि कसोटी दिली: जे बुद्धीला व तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन मानावे, मानवी कल्याणाशी संबंध नसलेल्या चर्चेत भगवान कधी पडले नाहीत.

ही कसोटी केवळ परधर्मीयांच्या ग्रंथांना लावून आपल्या ग्रंथांना वगळणे योग्य नव्हे. शुभवर्तमानांत फरक आहेत म्हणून त्यांचा उपहास करणारा वाचक उद्या सुत्तांतील फरक पाहून गोंधळेल. शास्त्याचा शब्द आणि आपण यांच्यामध्ये माणसांची स्मृती उभी असते, हे ओळखून वाचणे, हाच खरा अभ्यास होय.