फेरीवाले : समज, गैरसमज आणि आकडे

चेंबूर स्टेशनाबाहेर संध्याकाळी भाजीच्या पाट्यांमधून वाट काढताना चिडचिड होते, हे खरंच आहे. पण त्या चिडचिडीतून बोलली जाणारी बरीच वाक्यं खरी नाहीत. ती खोडून काढणारा पुरावा याच उपनगरात, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गेली कित्येक वर्षं उपलब्ध आहे.

समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांनी आधी उत्तर बंगालच्या चहामळ्यांतल्या मजुरांचा अभ्यास केला. पुढे मुंबई विद्यापीठात आणि नंतर देवनारला शिकवत असताना ते शहरी श्रमिकांकडे वळले. पाटण्यापासून इम्फाळपर्यंत सात शहरांतल्या फेरीवाल्यांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही या विषयाचा पाया मानला जातो. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

‘नोकरी करायची नाही, म्हणून रस्त्यावर बसतात,’ हे सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य. भौमिक यांना आढळलं ते नेमकं उलटं. मुंबई आणि अहमदाबादमधले सुमारे ३० टक्के फेरीवाले पूर्वी संघटित क्षेत्रात नोकरीला होते. कोलकात्यात तर हे प्रमाण निम्म्याच्या घरात होतं. मुंबईपुरतं याचं कारण आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. त्यामागोमाग उपनगरांतले कारखाने बंद होत गेले. पगार, फंड, ग्रॅच्युइटी, ईएसआय सगळं एका फटक्यात गेलं. हाताशी थोडकं भांडवल होतं, त्यात भाजी नाहीतर कपडे एवढंच घेता येत होतं. म्हणजे शहरानेच कामावरून काढलेली ही माणसं आहेत आणि शहराने न दिलेला रोजगार त्यांनी स्वतः उभा केला आहे.

हे काम आरामाचंही नाही. स्टेशनाजवळ बसणाऱ्या भाजीवालीचा दिवस पहाटे वाशीच्या मार्केटात सुरू होतो. तिघी-चौघी मिळून टेम्पो ठरवतात, परतल्यावर निवडणं, जुड्या बांधणं, पाणी मारणं चालतं आणि रात्री नऊ-दहापर्यंत बसून धंदा. दिवसाला दहा-दहा तास काम आणि भांडवलासाठी सावकाराचं भरमसाट व्याज, हे भौमिक यांच्या पाहणीत शहरोशहरी दिसलं. बायकांची कमाई पुरुषांपेक्षा कमी होती. त्यात पालिकेची जप्तीची ‘गाडी आली’ असा पुकारा झाला की ताडपत्रीची चारी टोकं उचलून गाठोडं करायचं आणि गल्लीत शिरायचं. ज्यांना ते जमत नाही त्यांचा दिवसाचा माल गेला.

‘जागा फुकट वापरतात,’ असंही म्हणतात. मुंबईत एके काळी महापालिकाच फेरीवाल्यांकडून कचरा उचलण्याच्या नावाखाली पैसे घेऊन पावती देत असे. हप्ता वेगळा, तो आजही कुणाला नवा नाही.

‘मग लायसन्स का काढत नाहीत?’ कारण मिळतच नाही. महापालिकेने नवे परवाने देणं १९७८ च्या सुमारास थांबवलं. त्या काळचे परवानाधारक सुमारे १५ हजार. १९९८ मध्ये टाटा संस्था आणि ‘युवा’ ही स्वयंसेवी संस्था यांनी पालिकेसाठी गणना केली, तेव्हा पालिकेच्या जागांवर एक लाखाहून अधिक फेरीवाले आढळले. परवाना द्यायचा नाही आणि नाही म्हणून बेकायदा ठरवायचं, हा अन्याय आहे.

हा धंदा करणं मुळात गुन्हा नाही. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्क मानला. २००४ च्या राष्ट्रीय धोरणामागे भौमिक यांचा अभ्यास होता, आणि १ मे २०१४ पासून पथविक्रेता कायदा लागू झाला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवू नये, असं त्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. जप्त मालाची यादी हातात द्यायची आणि नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत करायचा, हेही त्यातच आहे.

पादचाऱ्यांचा हक्कही तितकाच खरा आहे, आणि हा कायदा तो नाकारत नाही. कुठे बसायचं, कुठे नाही, हे आखून द्यायला तो सांगतो. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बंदी कायम केली. पण नुसती बंदी घालून भागत नाही, पर्यायी जागा आखावी लागते. ते काम रखडलं, म्हणून रोज पळापळ आणि रोज गर्दी.

कायद्यानुसार लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायचे आहेत. २०११ च्या जनगणनेची सुमारे सव्वा कोटी लोकसंख्या धरली, तर मुंबईत हा आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. पालिकेच्या २०१४ च्या सर्वेक्षणात ९९ हजारांवर अर्ज आले, पात्र ठरले ३२,४१५. दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्वेक्षण व्हावं, असं कायदा सांगतो. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये समितीची निवडणूक झाली ती याच जुन्या यादीवर. २०१५ मध्ये पहिल्यांदा पाटी मांडलेल्या बाईचं नाव त्या यादीत नव्हतं.