'हंबल' म्हणजे गरीब?

तुमची कुणी स्पॅनिश बोलणारी मैत्रीण आहे? माझी आहे, बोगोटात. आम्ही ऑनलाइन एकमेकींना भाषा शिकवतो. परवा स्कॉलरशिपच्या इंटरव्ह्यूची तयारी करताना ती म्हणाली, 'मी शिकवते ती मुलं हंबल आहेत.' मी म्हटलं, वा, नम्र आहेत! तिला म्हणायचं होतं, गरीब आहेत.

स्पॅनिशमधलं 'उमिल्दे' नम्रही आणि गरीबही. 'बार्रिओ उमिल्दे' म्हणजे गरिबांची वस्ती. इंग्लिशमध्ये 'हंबल बॅकग्राउंड' चालतं, पण माणसाला हंबल म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी स्वभावच दिसतो.

उच्चाराचा घोळ वेगळाच. स्पॅनिशमध्ये एच मुका, म्हणून ती आधी 'उंबल' म्हणायची. मग जोर लावून थेट 'खंबल'! (हसू नका, आपले व्ही आणि डब्ल्यू आठवा.) दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन 'हुमुस', म्हणजे जमीन.

परकं वाटतंय? मग 'बिचारा अगदी गरीब गाय आहे' म्हणताना तुम्ही त्याचा पगार विचारता का? हे सांगितल्यावर ती जाम खूश झाली. इंटरव्ह्यूत मात्र सरळ 'पुअर' म्हणणार आहे. तिच्या कानाला ते उद्धट लागतं, तरीही.