'सुधारणावादी' हे दूषण आणि 'सुधारक' हे बिरुद : युरोपीय कम्युनिझममधील एका मतभेदाची महाराष्ट्रातील वाटचाल

कम्युनिस्ट चळवळीच्या परिभाषेत 'सुधारणावादी' हे विशेषण दीर्घकाळ दूषण म्हणूनच वापरले गेले. क्रांतीची वाट सोडून निवडणुका, कायदे आणि वाटाघाटी यांच्या आधारे भांडवलशाहीशी जुळवून घेणारा तो सुधारणावादी, असा त्याचा अर्थ होता. मराठीत मात्र 'सुधारक' या शब्दाला आगरकरांनी १८८८ मध्ये त्याच नावाचे पत्र काढल्यापासून वेगळे तेज आहे, जरी ते मिळवण्यासाठी त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. युरोपातील कम्युनिझममध्ये उद्भवलेला एक महत्त्वाचा मतभेद महाराष्ट्रात आला तेव्हा त्याला पक्षाची भक्कम चौकट लाभली नाही, पण या दुसऱ्या अर्थाची जमीन मिळाली आणि तो तिथेच खोल रुजला.

तो मतभेद असा होता. जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांचे नियंत्रण करणाऱ्या 'कोमिंटर्न' या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९२८ च्या सहाव्या अधिवेशनात समाजवादी लोकशाहीवाद्यांनाच प्रमुख शत्रू ठरवणारी भूमिका घेतली. जर्मनीतील हाइनरिख ब्रांडलर आणि ऑगुस्ट थालहायमर यांनी तिला विरोध केला. कामगार दोन पक्षांत दुभंगलेले असताना त्यांची संयुक्त आघाडी झाली नाही तर फॅसिस्टांचा मार्ग मोकळा होईल, हे त्यांचे म्हणणे १९३३ मध्ये भयानक रीतीने खरे ठरले. मानवेंद्रनाथ रॉय, ज्यांनी १९२० मध्ये वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनशी वाद घालून स्वतःचा प्रबंध अधिवेशनापुढे मांडला होता, ते ब्रांडलर गटाच्या पत्रांत लिहू लागले आणि १९२९ मध्ये कोमिंटर्नमधून काढले गेले. कोमिंटर्नने १९३५ मध्ये फॅसिझमविरोधी आघाडीचे धोरण स्वतःच स्वीकारले, तेव्हा रॉय भारतातील तुरुंगात होते.

जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेलेले रॉय नोव्हेंबर १९३६ मध्ये सुटले आणि पुढच्याच महिन्यात खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर राहिले. त्यानंतर त्यांच्याभोवती जमलेल्या मराठी मंडळींत दोन माणसांकडे विशेष लक्ष द्यावे लागते : एक वाईचे, दुसरे पुरंदरमधील सासवडचे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मार्क्सकडे जाण्यापूर्वीच धर्मशास्त्राशी आतून झुंज घेतली होती. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे दाखवण्याच्या कामी त्यांनी येरवड्यात गांधीजींना साहाय्य केले आणि १९३३ मध्ये देवदास गांधी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही केले. अशा माणसाला रॉय यांच्याकडून जे मिळाले ते पक्षशिस्तीचे बंधन नव्हते, तर धर्माची इतिहासाच्या प्रकाशात चिकित्सा करण्याचे साधन होते, आणि 'हिंदू धर्माची समीक्षा' हे पुस्तक त्याचे ठळक फळ आहे. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे लंडनहून बॅरिस्टर होऊन पुण्यात वकिली करत होते. १९४२ मध्ये त्यांनी ती सोडून रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाला पूर्ण वेळ दिला. बी. एन. बॅनर्जी आणि गोवर्धन पारीख यांच्यासह त्यांनी तयार केलेल्या 'जनता योजने'त शेती आणि रोजच्या वापराच्या वस्तू यांना अग्रक्रम होता, आणि तो उद्योगपतींच्या 'मुंबई योजने'हून वेगळा मार्ग होता.

या पक्षाची चूकही तितकीच मोठी होती. दुसरे महायुद्ध हे फॅसिझमविरुद्धचे युद्ध आहे हे रॉय यांचे निदान युरोपच्या अनुभवातून आले होते आणि ते चुकीचे नव्हते, परंतु १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यात पत्री सरकार उभे राहत असताना इंग्रजांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा देणारा पक्ष लोकांच्या मनातून उतरणे अटळ होते. १९४६ च्या निवडणुकांत तो पार पराभूत झाला. त्या वर्षअखेरीस रॉय यांनी नवमानवतावादाची, म्हणजे वर्ग किंवा राष्ट्र यांऐवजी स्वतंत्र व्यक्तीला विचाराचा केंद्रबिंदू मानणाऱ्या भूमिकेची, बावीस सूत्रे मांडली आणि १९४८ मध्ये पक्षच विसर्जित केला.

युरोपातील कम्युनिस्टांना या भूमिकेच्या जवळपास येण्यास आणखी काही दशके लागली. १९५६ मधील हंगेरी आणि १९६८ मधील प्राग यांच्या आघातांनंतर इटलीचे बेर्लिंग्वेर, स्पेनचे कारियो आणि फ्रान्सचे मार्शे मार्च १९७७ मध्ये माद्रिदला एकत्र आले व अनेक पक्षांची लोकशाही आणि नागरी स्वातंत्र्ये यांचा त्यांनी पुरस्कार केला. यालाच 'युरोकम्युनिझम' म्हणतात. भारतात मात्र श्रीपाद अमृत डांगे यांच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्ट पक्षाने १९७५ च्या आणीबाणीला पाठिंबा दिला होता, आणि ती चूक होती असे पक्षाला १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात मान्य करावे लागले. त्याच आणीबाणीविरुद्ध, उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद केव्हाच सोडलेले तारकुंडे, जयप्रकाश नारायण यांच्यासह नागरी स्वातंत्र्याची संघटना बांधत होते. काँग्रेसशी सहकार्य करण्याच्या डांगे यांच्या धोरणालाही विरोधकांनी सुधारणावादच म्हटले. परंतु सत्तेशी जुळवून घेणे आणि सत्तेला मर्यादा घालणे या दोहोंना एकच नाव देणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्रातला प्रत्येक मतभेद मात्र युरोपातून आलेला नव्हता. धुळ्याच्या शरद पाटील यांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापला, तेव्हा वर्गाबरोबर जातीचाही अंत हवा, ही त्यांची मागणी फुल्यांच्या परंपरेतून आली होती आणि तिचे मूळ कोणत्याही युरोपीय वादात नव्हते.

सत्तेला मर्यादा घालण्याची दिशा रॉय यांच्या १९४४ च्या राज्यघटना-मसुद्यातही दिसते. त्याचा पाया गावोगावच्या लोकसमित्या हा होता, आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार त्यात लोकांकडे ठेवला होता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले, त्यामुळे गावातील मतदार आज ग्रामसभेत पंचायतीला जाब विचारू शकतो. आमदाराला किंवा खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे अजून आलेला नाही.