मजल, मुक्काम आणि विजेची गाडी

अंतर मोजायला मराठीत कोस होता, मैल होता, आता किलोमीटर आहे. पण प्रवास मोजायला आपल्याकडे आणखी एक शब्द होता : मजल. अरबीतल्या ‘मंझिल’वरून आलेला हा शब्द अंतर सांगत नाही, आवाका सांगतो. एका दिवसात माणूस, बैल किंवा घोडा जेवढे चालू शकेल तेवढी एक मजल. त्यामुळे सपाटीवरची मजल लांब आणि घाटातली आखूड. पावसाळ्यात ती आणखी आखडे, आणि बरोबर म्हातारे माणूस वा तान्हे मूल असेल तर तिला आणखी कात्री लागे. मजल संपे तिथे मुक्काम. तिथे पाणी, सावली आणि सोबत असणे हे गृहीतच असे.

पेट्रोलच्या गाडीने हा शब्द वाक्प्रचारापुरता उरवला. टाकी भरायची आणि निघायचे. संपत आली की पुढचा पंप असतोच. विजेच्या गाडीने मात्र मजलीचा हिशेब पुन्हा माणसाच्या हाती दिला आहे. गेली तीन वर्षे मी पुण्याहून सावंतवाडीला अशा गाडीने जाते-येते. सोबत बहुतेक वेळा बाबा असतात. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना कंपवात आहे. सलग दोन तासांपेक्षा जास्त ते बसू शकत नाहीत. गावचे घर मात्र त्यांना सोडवत नाही. त्यामुळे हा हिशेब मला हौसेने नव्हे, गरजेने शिकावा लागला. तो इथे मांडते आहे, कारण त्यात तंत्राइतकाच आपल्या रस्त्यांचाही प्रश्न आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पेट्रोलच्या गाडीलाही मजल होतीच. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. पेट्रोल पंप नावाची वस्तू जगात नव्हती. वाटेत वीसलोख गावी त्यांनी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे इंधन विकत घेतले. लिग्रोइन तेव्हा डाग काढण्यासाठी विकले जाई. इंधन कुठे मिळेल, पाणी कुठे भरायचे, चढावर गाडी कुठे ढकलावी लागेल, हे सारे त्यांना वाटेतच सोडवावे लागले. आज पंप दर वळणावर दिसतात, पण ते जाळे उभे राहायला काही दशके लागली. विजेची गाडी त्या वाटेवर अजून अलीकडच्या टप्प्यात आहे.

पाच लिटरची टाकी

हिशेबाचे मूळ माप आपल्या ओळखीचेच आहे : घरच्या वीजबिलातले युनिट. एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. माझ्या गाडीच्या बॅटरीत ४५ युनिटे मावतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांएवढी ऊर्जा असते. म्हणजे विजेची ही अख्खी ‘टाकी’ पाच लिटर पेट्रोलएवढी! तरीही गाडी अडीचशे-तीनशे किलोमीटर जाते, कारण इंजिन पेट्रोलमधली बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत सोडते, तर मोटर हाती आलेल्या विजेचा फार मोठा भाग चाकांपर्यंत पोचवते. विजेची गाडी उधळी नाही. तिची शिदोरीच लहान आहे.

शिदोरी पुन्हा भरण्याचा वेग हा दुसरा भेद. पंपाची नळी मिनिटाला ३० लिटर ओतते असे धरले, तर एका मिनिटात २७० युनिटे गाडीत जातात. महामार्गावरचा ६० किलोवॉटचा चार्जर पूर्ण ताकदीने चालला तरी मिनिटाला एकच युनिट देतो. म्हणून पेट्रोल भरणे ही क्रिया होते आणि चार्जिंग हा मुक्काम होतो.

कागदावरची मजल आणि रस्त्यावरची

गाडी घेताना सांगितले जाणारे अंतर खोटे नसते, पण ते प्रयोगशाळेतले असते. भारतात ही चाचणी ठरावीक चक्रानुसार रोलरवर होते. त्या चक्रात वेग कधीच ताशी ९०च्या वर जात नाही आणि सरासरी वेग तर शहरातल्या रस्त्यासारखा, ताशी ३०-३५च्या घरात राहतो. आपण मात्र महामार्गावर वातानुकूलन लावून, चार माणसे आणि मागे सामान घेऊन शंभरने जातो.

यात निर्णायक ठरते ती हवा. गाडीला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला की हा विरोध सव्वादोनपट होतो. मध्यम आकाराच्या गाडीसाठी मी हिशेब मांडून पाहिला. सपाट रस्त्यावर, वातानुकूलन धरून, ताशी ८० वेगाने दर १०० किलोमीटरला सुमारे १३ युनिटे लागतात; ताशी १०० वेगाने १७; आणि ताशी १२०ने २१. म्हणजे ४० युनिटे हाताशी असतील, तर ८०च्या वेगाने तीनशे किलोमीटर आणि १२०च्या वेगाने जेमतेम एकशे नव्वद. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२०ची मुभा आहे, म्हणून तिथे हा फरक सर्वांत बोचतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, फक्त तिथे त्याची झळ खिशाला लागते. इथे ती थेट मजलीला लागते.

यातून एक उलटे वाटणारे सत्य निघते. बेताची बॅटरी असलेल्या गाडीला दमाने नेले तर एखादा थांबा वाचतो, आणि पाऊण तासाचा थांबा वाचला की हळू चालवून गेलेला वेळ बराचसा भरून निघतो. धापा टाकत धावणारा आणि सावकाश चालणारा एकाच वेळी पोचतात, हे जुन्या वाटसरूंना ठाऊक होते.

घाटाचे देणे-घेणे

घाटाची धास्ती अनेकांना असते. तिचाही हिशेब सोपा आहे. माणसांसकट १,९०० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला सुमारे तीन युनिटे जादा लागतात. ४५ युनिटांच्या बॅटरीत ती साताठ टक्के. धसका घेण्याइतकी नव्हेत, पण विसरण्याइतकीही नव्हेत. उतारावर हीच मोटर जनित्र बनते, गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते. चढताना दिलेले सगळे परत मिळत नाही. निम्म्याहून बरेच अधिक मिळते.

इथे एक बारकावा आहे. घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरली, तर उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग मोटरचा रोध कमी होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. म्हणून आंबोलीत काठोकाठ भरून सावंतवाडीकडे उतरणे दोन्ही अर्थांनी तोट्याचे. सुगीआधी कोठारात थोडी जागा ठेवावी, तसेच हे.

शेवटचे वीस टक्के

नवख्या माणसाला सर्वांत कोड्यात टाकते ती चार्जिंगची चाल. दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आकडा भराभर वर जातो आणि नंतर रेंगाळतो. कारण रासायनिक आहे. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ऋणाग्राच्या ग्राफाइटच्या थरांत शिरून बसतात. सुरुवातीला जागा मोकळ्या असतात. पुढे त्या भरत जातात, आणि तरीही विजेचा रेटा तेवढाच ठेवला तर आयन आत न शिरता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात. त्याने बॅटरी कायमची कमजोर होते. ते टाळायला गाडी स्वतःच विजेचा ओघ कमी करते. भरत आलेल्या एसटीत शेवटच्या चार जणांना चढायला जो वेळ लागतो, तोच हा प्रकार.

परिणाम असा, की शेवटच्या वीस टक्क्यांना अनेकदा आधीच्या पन्नास-साठ टक्क्यांइतका वेळ लागतो. म्हणून वाटेत ऐंशीला गन काढावी, शंभर टक्के घरी रात्रभरात करावे. हा जसा आपल्या सोयीचा नियम आहे, तसा तो मागे रांगेत उभ्या असलेल्यांसाठीही आहे. गणपतीत आणि दिवाळीत कोकणाच्या वाटेवर दोन गन आणि सहा गाड्या हे दृश्य मी पाहिले आहे. तिथे नव्वदच्या पुढे गाडी लावून जेवायला गेलेला माणूस इतरांचा पाऊण तास खातो. याचा कायदा नाही. विहिरीवर आपली घागर भरली की बाजूला व्हायचे, हाही कुठे लिहिलेला कायदा नव्हता.

पुणे ते सावंतवाडी

आता हे सारे एका वाटेवर मांडून पाहू. पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. सुमारे ३९० किलोमीटर. ताशी ८०-९० वेगाने आणि वाटेतले घाट धरून मी १०० किलोमीटरला १५ युनिटे धरते.

घरून शंभर टक्के भरून निघायचे. पहिला थांबा साताऱ्याजवळ, ११० किलोमीटरवर. इथे गाडीला काही नको असते. शिल्लक ६३ टक्के. पण बाबांना उतरून दहा-पंधरा मिनिटे चालावेच लागते. दुसरा थांबा कोल्हापूरच्या आसपास, २३० किलोमीटरवर. शिल्लक २३ टक्के. इथे जेवण आणि चार्जिंग. ऐंशीपर्यंत जायला जवळजवळ २६ युनिटे हवीत. सरासरी ३५ किलोवॉट मिळाले तर पाऊण तास. पुढचे १६० किलोमीटर म्हणजे २४ युनिटे. आंबोलीच्या उतारावरची कमाई धरली तर सावंतवाडीला तीस टक्क्यांच्या आसपास पोचतो. तिथे घरच्या पंधरा अँपिअरच्या, नीट अर्थिंग केलेल्या सॉकेटवर तासाला तीन युनिटांच्या गतीने गाडी दहा-बारा तासांत भरते.

या आराखड्यातला कळीचा टप्पा कोल्हापूर नाही, कऱ्हाड आहे. १६० किलोमीटरवर, म्हणजे कऱ्हाडला, गाडीत ४७ टक्के असतात. चार्जिंगची गरज नसते, पण निर्णयाची वेळ तीच. कोल्हापूरचा चार्जर चालू आहे का, हे तिथे थांबून पाहायचे, शक्य तर फोन करून विचारायचे. शंका असेल तर कऱ्हाडलाच वीस मिनिटे भरून घ्यायचे. मुख्य थांब्याच्या अलीकडे एक पर्याय आणि पलीकडे गाठता येईल असा दुसरा पर्याय असल्याशिवाय तो थांबा पक्का समजू नये. आणि मुख्य थांब्यावर पोचताना वीस टक्के शिल्लक हवेच. ती वीस टक्के म्हणजे साठेक किलोमीटरचे स्वातंत्र्य.

त्याची किंमत मला एका मे महिन्यात कळली. महामार्गालगतच्या एका चार्जिंग स्टेशनवर ॲपमध्ये दोन्ही गन ‘उपलब्ध’ होत्या. पोचल्यावर पहारेकरी म्हणाला, “तीन दिवस झाले, ताई, लाइनच नाही.” दुपारचा दीड वाजला होता. जवळ छप्पर नव्हते, स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि बाबांच्या गोळीची वेळ झाली होती. ती गोळी चुकली की तासाभरात त्यांचे पाय जड होतात, मग त्यांना गाडीतून उतरवायला दोघे लागतात. शिलकीतल्या विजेवर आम्ही बावीस किलोमीटर पुढच्या दुसऱ्या चार्जरवर गेलो. तिथे उपाहारगृह होते, खुर्ची होती. काही बिघडले नाही. पण त्या दुपारनंतर मी चार्जरच्या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

चार्जर म्हणजे मुक्काम नव्हे

एप्रिल २०१८मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले, की वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यासाठी वीजपरवाना लागणार नाही. त्यामुळे ढाबेवाल्यापासून मॉलपर्यंत कोणालाही चार्जर बसवणे शक्य झाले. २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला, दोन्ही बाजूंना एक चार्जिंग स्टेशन असावे, असे म्हटले. दिशा योग्यच होती. पण ही सगळी मोजणी अंतराची आणि किलोवॉटची आहे.

प्रवाशाच्या बाजूने मोजले तर प्रश्न वेगळे निघतात. पेट्रोल पंपावर आपण पाच मिनिटे थांबतो, म्हणून तिथे सावली नसली तरी चालून जाते. चार्जरपाशी पाऊण तास थांबावे लागते. त्या पाऊण तासात रात्री उजेड आहे का? एकट्या बाईला गाडीत बसून राहणे सुरक्षित वाटेल का? स्वच्छतागृह उघडे आहे का, आणि त्याला दोन पायऱ्या असतील तर धरायला कठडा आहे का? बिघाड झाला तर जागेवर कोणी माणूस आहे का? अहिल्याबाई होळकरांनी वाटांवर विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, वारीचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या गावी पडत आले. त्यामागे वाटसरू थकतो ही साधी जाण होती. आपल्या चार्जिंग स्टेशनांच्या रचनेत बॅटरी थकते एवढेच गृहीत धरलेले दिसते.

म्हणून मी आता माझ्या वहीत प्रत्येक थांब्यापुढे पाच रकाने ठेवते : गनची ताकद, पर्यायी चार्जरचे अंतर, सावली, स्वच्छतागृह, आणि फोन उचलणारा माणूस. पुणे-सावंतवाडी वाटेवर पाचही रकाने भरलेले थांबे मला आजवर तीन सापडले आहेत. ही यादी मी गावाकडे जाणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना देते, आणि त्यांच्याकडून त्यांची घेते. बाबा तिसऱ्या थांब्याला ‘आपली चौकी’ म्हणतात, कारण तिथला पोऱ्या त्यांच्यासाठी हातांची खुर्ची आधीच बाहेर काढून ठेवतो.