मर्यादित खर्चातील पत्तासंच : रचना, संभाव्यता आणि चाचणी

प्रास्ताविक

ब्रिज किंवा बदामसात खेळताना सर्व खेळाडूंसमोर बावन्न पत्त्यांचा एकच सामाईक जोड असतो. कोणाच्या हाती कोणते पान येईल हे पिसण्यावर अवलंबून असते. परंतु कोणाच्या खिशात किती पैसे आहेत याचा त्या जोडाशी काही संबंध नसतो. संग्राह्य पत्त्यांच्या खेळांत ही समता मुळातच नाही. तेथे प्रत्येक खेळाडू स्वतः विकत घेतलेल्या पत्त्यांमधून स्वतःचा संच, म्हणजे ‘डेक’, रचून आणतो. त्यामुळे एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो : ज्याची खर्च करण्याची क्षमता कमी, त्याने हरण्यासाठीच बसावयाचे काय? प्रस्तुत लेखात ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळातील एका अल्पखर्ची संचाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. हा विचार बहुतांशी गणिताचा आहे. पैशाची उणीव कशाने भरून निघते आणि ती खरोखर भरून निघाली आहे हे कशावरून ओळखावे, हे दोन्ही प्रश्न अखेरीस संभाव्यतेपाशीच येऊन थांबतात.

हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक; चयनगणित हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता आणि काही काळ त्यांनी महाविद्यालयात गणिताचे अध्यापनही केले. खेळाडू मोजकीच पाकिटे विकत घेतील, त्यामुळे प्रबळ आणि दुर्मीळ पत्ते एका हाती फारसे साठणार नाहीत, अशी मूळ अपेक्षा होती. खेळ अनपेक्षितपणे लोकप्रिय झाला आणि ती अपेक्षा फोल ठरली. पहिल्या आवृत्तीतील ‘ब्लॅक लोटस’ या पत्त्याची एक उत्कृष्ट स्थितीतील प्रत २०२१ मध्ये पाच लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. अर्थात हे टोकाचे उदाहरण आहे. तथापि पत्त्याची किंमत ही त्याच्या सामर्थ्याची नव्हे, तर मागणी आणि दुर्मिळता यांची मोजणी असते, ही गोष्ट त्यातून लक्षात घेण्याजोगी आहे.

‘पॉपर’ प्रकार आणि त्याचे नियम

पाकिटातील पत्ते दुर्मिळतेनुसार श्रेणींत विभागलेले असतात. त्यांपैकी सर्वांत सुलभ श्रेणी ‘कॉमन’ ही होय. केवळ या श्रेणीचे पत्ते वापरण्यास मुभा असलेला खेळाचा प्रकार ‘पॉपर’, म्हणजे शब्दशः ‘दरिद्री’, या नावाने ओळखला जातो. संगणकावरील ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये त्याला २००८ मध्ये आणि कागदी पत्त्यांसाठी २०१९ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. एखादा पत्ता कोणत्याही एका आवृत्तीत ‘कॉमन’ म्हणून छापला गेला असेल, तर तो येथे चालतो; अपवाद फक्त स्वतंत्रपणे बंदी घातलेल्या पत्त्यांचा. ‘कॉमन’ म्हणजे स्वस्तच असेही नाही. १९९३ च्या ‘अरेबियन नाइट्स’ संचातील ‘उबलिएट’ हा साधा पत्ता २०२० मध्ये पुनर्मुद्रित होईपर्यंत चांगलाच महाग होता.

इतर नियम थोडक्यात असे. संचात किमान ६० पत्ते हवेत. मूलभूत भूमिपत्ते वगळता एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते चालत नाहीत. प्रत्येक खेळाडूचे जीवनांक २० असतात आणि आरंभी हातात सात पत्ते येतात. भूमिपत्ता दर पाळीस एकच मांडता येतो. त्यातून ‘माना’ नावाची ऊर्जा मिळते आणि ती खर्च करून इतर पत्ते खेळावे लागतात. याशिवाय प्रतिस्पर्धी पाहून पहिल्या डावानंतर बदली करण्यासाठी १५ पत्त्यांचा राखीव साठा, म्हणजे ‘साइडबोर्ड’, ठेवता येतो.

एकच काम करणारा संच

अल्पखर्ची संच रचताना नवखा खेळाडू बहुधा महागड्या संचाची नक्कल करतो आणि न परवडणाऱ्या पत्त्यांच्या जागी त्यांची दुबळी रूपे भरतो. ही पद्धत टिकाऊ नाही. महागडा संच ज्या चार पत्त्यांभोवती रचलेला असतो तेच काढून घेतल्यावर उरलेल्या ५६ पत्त्यांना प्रयोजन राहत नाही. याउलट, स्वस्त पत्ते जे काम उत्तम करतात तेच काम संचाचे एकमेव काम ठरवणे अधिक शहाणपणाचे होय.

लाल रंगाच्या ‘बर्न’ संचाचे काम प्रतिस्पर्ध्याचे २० जीवनांक थेट आघातांनी संपवणे एवढेच असते. ‘लाइटनिंग बोल्ट’ हा पत्ता एका मानात ३ आघात करतो. सात गुणिले तीन म्हणजे २१. अर्थात असे सात पत्ते लागू पडले की डाव संपला. हाच एका मानात तीन आघातांचा व्यवहार ‘चेन लाइटनिंग’ आणि ‘लाव्हा स्पाइक’ हे पत्ते करतात. ‘रिफ्ट बोल्ट’ एक पाळी उशिरा करतो. तर ‘स्क्यूअर द क्रिटिक्स’ त्याच पाळीत प्रतिस्पर्ध्याचे जीवनांक आधी घटले असतील तर करतो. पाचही पत्ते ‘कॉमन’ आहेत. प्रत्येकी चार घेतल्यास २० पत्ते होतात. त्यांत चार ‘फायरब्लास्ट’, चार ‘सीअरिंग ब्लेझ’, चार ‘केल्डन मरॉडर्स’, चार ‘थर्मो-अल्केमिस्ट’ आणि चार ‘कर्स ऑफ द पिअर्स्ड हार्ट’ मिळवले की ४० होतात. उरलेल्या २० जागी ‘माउंटन’ हे भूमिपत्ते येतात आणि ते जवळजवळ फुकट मिळतात.

या रचनेचे खरे बळ तिच्या एकसारखेपणात आहे. साठ पत्त्यांच्या संचात एखाद्या पत्त्याच्या चार प्रती असल्या, तर आरंभीच्या सात पत्त्यांत त्यांपैकी किमान एक येण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. पत्ता कितीही मौल्यवान असला तरी हा आकडा बदलत नाही. दहापैकी सहा डावांत त्याचा मालक त्याच्याविनाच सुरुवात करतो. मात्र वर दिलेले पाच प्रकारचे पत्ते कामाच्या दृष्टीने एकच मानले, तर त्या ‘एका’ पत्त्याच्या २० प्रती होतात आणि आरंभीच्या हातात त्यांपैकी किमान एक असण्याची संभाव्यता ९५ टक्क्यांवर जाते. किमान दोन असण्याची संभाव्यताही ७५ टक्के भरते. चारच प्रतींची मर्यादा समता राखण्यासाठी आहे. समान कामाचे वेगवेगळ्या नावांचे पत्ते जमवून ती नियमात राहूनच ओलांडता येते. अल्पखर्ची खेळाडूला पैशाऐवजी जे भांडवल उपलब्ध आहे ते हेच.

भूमिपत्ते किती असावेत?

या प्रश्नाचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण संच बिघडतो तो बहुधा येथेच, आणि येथे पैशाचा प्रश्न अजिबात नसतो.

सात पत्त्यांच्या हातात एकही भूमिपत्ता नसणे किंवा एकच असणे याला आपण ‘कोरडा हात’ म्हणू. साठांत २४ भूमिपत्ते असतील तर कोरडा हात येण्याची संभाव्यता १४.३ टक्के, २० असतील तर २४.७ टक्के आणि १७ असतील तर ३५.२ टक्के असते. केवळ एवढे पाहिले तर २४ हा आकडा उत्तम वाटेल. पण दुसरी बाजूही मोजावी लागते. भूमिपत्ता आघात करीत नाही. भूमिपत्ते सोडून सात पत्ते हाती येण्यासाठी सरासरीने २४ भूमींच्या संचात ११.७ पत्ते, २० भूमींच्या संचात १०.५ आणि १७ भूमींच्या संचात ९.८ पत्ते पाहावे लागतात. दर पाळीस एकच नवा पत्ता मिळत असल्यामुळे २४ वरून २० वर येताना एका पाळीहून किंचित अधिक वेळ वाचतो. तेथून १७ वर उतरताना मात्र पाऊण पाळीपेक्षाही कमी वाचतो. कोरड्या हाताची भर तेवढीच, म्हणजे सुमारे साडेदहा टक्क्यांची, पडते. सारखीच किंमत देऊन कमी माल घेण्यासारखा हा व्यवहार आहे. म्हणून २० पासून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १८ किंवा १९ चा पक्ष घेणारे खेळाडूही आहेत आणि त्यांचे म्हणणे केवळ गणिताने खोडून काढता येत नाही.

कोरडा हात आल्यास तो परत करून नवे सात पत्ते घेता येतात. परंतु २०१९ पासूनच्या नियमानुसार त्यांतील एक पत्ता संचाच्या तळाशी ठेवावा लागतो. ज्या संचाला सात आघात मोजूनच मिळतात, त्याला हा एक पत्ता इतरांपेक्षा महाग पडतो.

‘फायरब्लास्ट’चे उदाहरणही येथे पाहण्याजोगे आहे. त्याची छापील किंमत सहा माना आहे. पण त्याऐवजी मांडलेले दोन ‘माउंटन’ त्यागून तो फुकट खेळता येतो आणि ४ आघात करतो. असे दोन पत्ते हाती अडकून पडतील ही भीती सर्वसाधारण आहे. दहा पत्ते पाहून झाल्यावर चारांपैकी दोन किंवा अधिक हाती आलेले असण्याची संभाव्यता १२.६ टक्के, म्हणजे आठांत एक, इतकी आहे. भीतीच्या मानाने हा आकडा लहान आहे.

चाचणी

रचनेनंतर चाचणी. येथे एक सोय सांगणे आवश्यक आहे : पत्ते विकत घेण्यापूर्वीच चाचणी घेता येते. कागदाच्या चिठ्ठ्यांवर पत्त्यांची नावे लिहून त्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात घातल्या की घरगुती सरावास पुरे. अधिकृत स्पर्धेत मात्र त्या चालत नाहीत. मर्यादित पैसे असणाऱ्याने ही पायरी वगळू नये.

पहिली चाचणी एकट्याने करावयाची असते. प्रतिस्पर्धी काहीच करीत नाही असे गृहीत धरून २० आघात कितव्या पाळीस पूर्ण होतात ते नोंदवावे. या नोंदीतील चढउतार मर्यादित असल्यामुळे पन्नास डावांतही सरासरी बऱ्यापैकी स्थिर होते. परंतु या पद्धतीचा आवाका ओळखला पाहिजे. ‘सीअरिंग ब्लेझ’ला आघातासाठी प्रतिस्पर्ध्याचा एखादा प्राणी समोर लागतो. एकट्याच्या चाचणीत तो पत्ता सदैव निरुपयोगी दिसेल. प्रत्यक्षात प्राण्यांवर विसंबणाऱ्या संचाविरुद्ध तोच सर्वांत उपयुक्त ठरतो.

दुसरी चाचणी खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी. सर्वाधिक फसगत येथेच होते. समजा, नव्या संचाने दहापैकी सात डाव जिंकले. खेळाडू समाधान पावतो. परंतु दोन्ही बाजू तंतोतंत समान बळाच्या असल्या, तरी केवळ योगायोगाने दहापैकी सात किंवा अधिक डाव जिंकण्याची संभाव्यता १७.२ टक्के असते. जवळजवळ सहांत एकदा. शंभर डाव खेळले तरी विजयाच्या टक्केवारीत सुमारे दहा टक्के वर-खाली इतकी अनिश्चितता उरते. ती पाच टक्क्यांवर आणावयाची तर सुमारे ३८४ डाव लागतात. एका डावास पंधरा मिनिटे धरली तर हे ९६ तासांचे काम झाले. एका पत्त्याचा फरक असलेल्या दोन रचनांची तुलना तितक्याच काटेकोरपणे करावयाची असेल, तर प्रत्येकी ७६८ डाव खेळावे लागतील. हौशी खेळाडूला हे अशक्य आहे, आणि म्हणूनच ‘हा पत्ता बदलला आणि मी जिंकू लागलो’ या छापाच्या विधानांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही.

मग चाचणी व्यर्थ समजावी काय? तसे नाही. केवळ जय-पराजय नोंदवला तर एका डावातून अत्यल्प माहिती मिळते. नोंद अधिक तपशिलाची केली तर तोच डाव बरेच काही सांगतो. प्रथम पाळी कोणाची होती, किती वेळा हात परत केला, चौथ्या पाळीस किती भूमिपत्ते मांडलेले होते, आणि विशेषतः हरताना हातात कोणता पत्ता न खेळता उरला होता, या चार गोष्टी प्रत्येक डावानंतर लिहून ठेवाव्यात. वीस डावांच्या अखेरीस विजयाची टक्केवारी काहीच सिद्ध करीत नाही. पण हरलेल्या डावांपैकी बहुतेकांत एकच पत्ता हातात उरलेला आढळला, तर कोठे पाहावे हे निश्चित कळते. बदल एका वेळी एकच करावा. शक्य असल्यास मित्राबरोबर संचांची अदलाबदल करून अर्धे डाव उलट बाजूने खेळावेत, म्हणजे खेळाडूचे कौशल्य आणि संचाचे बळ यांची गल्लत टळते.

जेथे हा संच कमी पडतो

एकच काम करणाऱ्या संचाला त्या एका कामात अडवणेही सोपे असते. निळ्या रंगाचा ‘हायड्रोब्लास्ट’ एका मानात कोणताही लाल पत्ता निष्फळ करतो आणि तोही ‘कॉमन’च आहे. हिरव्या रंगाचा ‘वेदर द स्टॉर्म’ ३ जीवनांक देतो आणि त्या पाळीत त्याआधी जितके मंत्र खेळले गेले तितक्या वेळा त्याची पुनरावृत्ती होते. तीन मंत्रांनंतर तो खेळला गेला तर एकूण १२ जीवनांक परत मिळतात, म्हणजे चार ‘लाइटनिंग बोल्ट’ वाया जातात. वर दिलेल्या रचनेत याला समाधानकारक उत्तर नाही. अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे डाव बहुतांशी गमावलेले धरावेत आणि राखीव पत्ते जेथे उपयोग होईल तेथे खर्च करावेत, हे माझ्या मते अधिक किफायतशीर होय.

त्या १५ पत्त्यांच्या निवडीतही एकाच कामाचे तत्त्व पाळता येते. निळ्या संचांसाठी ‘पायरोब्लास्ट’ हा ‘हायड्रोब्लास्ट’चा लाल प्रतिरूप पत्ता घ्यावा लागतो, त्यात आघात नाही, परंतु त्याच्याशिवाय निळ्या संचांपुढे निभाव लागणे कठीण आहे. यंत्रवस्तूंच्या संचांसाठी मात्र ‘स्मॅश टू स्मिदरीन्स’ योग्य ठरतो. केवळ वस्तू नष्ट करणारे, त्याहून कमी मानाचे पत्ते मिळतात. पण हा पत्ता वस्तू नष्ट करतो आणि तिच्या मालकाला ३ आघातही देतो, त्यामुळे सात आघातांच्या हिशेबातील एक जागा रिकामी राहत नाही.